हत्तीच्या पोटातली वाटी

एक हत्ती डोळ्यांसमोर आणा. पाठीवर अंबारी, मानेवर माहूत, अंबारीच्या घुमटावर एक पक्षी. अंबारीत बसलेल्या माणसाच्या आजूबाजूला बहिरी ससाणे आहेत आणि खाली दोन लांबलचक साप जबडा वासून वाट बघताहेत. सगळं चिडीचूप. आणि मग अचानक वरचा पक्षी गर्रकन फिरतो, ससाण्याच्या चोचीतून धातूची एक गोळी सुटते आणि सापाच्या जबड्यात पडते. गोळीच्या वजनाने साप हळूहळू खाली झुकतो, गोळी खालच्या भांड्यात टाकतो आणि पुन्हा वर जातो. तेवढ्यात माहूत दणकन ठोका देतो.

झाला अर्धा तास!

हो, हा हत्ती म्हणजे घड्याळ आहे. ते रचलं अल-जझरी नावाच्या एका कारागीर इंजिनिअरने. आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकर शहरात, तिथल्या राजाच्या पदरी तो काम करायचा. १२०६ साली त्याने एक पुस्तक पूर्ण केलं. पन्नास यंत्रं, प्रत्येकाचं रंगीत चित्र आणि 'हे कसं बनवायचं' याची बारीकसारीक माहिती. पुढे या पुस्तकाच्या अनेक नकला झाल्या. त्यांची सुटी पानं आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत इस्लामी कलेच्या दालनात लावलेली दिसतात. तुमचे कुणी काका-मावशी दुबईला असतील तर त्यांना सांगा, तिथल्या इब्न बतूता मॉलमध्ये हा हत्ती भल्यामोठ्या आकारात उभा आहे.

आता खरा प्रश्न. हत्तीला कळतं कसं, की अर्धा तास झाला?

बुडणारी वाटी

हत्तीच्या पोटात पाण्याचं टाकं आहे. टाक्यात तरंगते एक वाटी आणि वाटीच्या तळाला आहे एक बारीकसं भोक. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरत जाते आणि बरोबर अर्ध्या तासाने बुडते. बुडताना ती एक दोरी ओढते, त्या दोरीने वरची गोळी सुटते. साप खाली झुकला की तो साखळीने वाटी पुन्हा वर ओढून रिकामी करतो. म्हणजे पक्षी, ससाणे, साप, माहूत हा सगळा नुसता थाटमाट! वेळ मोजणारी एकटी ती वाटीच.

आणि ही वाटी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. हे तर आपलं घटिकापात्र!

पूर्वी लग्नघरी पाण्याने भरलेल्या गंगाळात भोकाची तांब्याची वाटी सोडायचे. तिला हळदकुंकू वाहायचे. जोशीबुवा डोळ्यांत तेल घालून बघत बसायचे. वाटी बुडाली की एक घटिका झाली, असं मोजत मोजत मुहूर्त गाठायचा. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत सुमारे दीड हजार वर्षांपासून या पात्राची माहिती येते.

घटिकेचा हिशोब असा:
६० पळं म्हणजे १ घटिका.
६० घटिका म्हणजे १ दिवस आणि १ रात्र.

दिवसरात्रीचे २४ तास म्हणजे १४४० मिनिटं. त्याला ६० ने भागा. एक घटिका २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचं!

मग तुम्ही विचाराल, घड्याळच नव्हतं तर वाटी बरोबर २४ मिनिटांनी बुडते हे तपासायचं कसं? छान प्रश्न. त्यासाठी माणसाचा आवाज होता. दीर्घ अक्षर उच्चारायला लागणारा वेळ हे सगळ्यात छोटं माप, आणि अशी साठ अक्षरं म्हणजे एक पळ. 'का, का, का...' असं एका लयीत साठ वेळा म्हणून बघा. २४ सेकंद लागले तर तुमचा वेग जुन्या जोशीबुवांशी जुळला! घरात कावळा शिरलाय असं कुणाला वाटलं, तर त्याला हा लेख दाखवा.

पाणी बाहेर गळावं की आत यावं?

थांबा, इथे एक गंमत आहे. पाण्याचं घड्याळ करायचा सोपा उपाय कोणता? मडक्याला भोक पाडायचं आणि पाणी गळू द्यायचं. जगात अनेक ठिकाणी अशी घड्याळं होती. पण त्यांत एक खोट असते. मडकं भरलेलं असताना तळाशी दाब जास्त, म्हणून धार जोरात. पाणी कमी होत गेलं की दाब कमी होतो आणि धार मंदावते. शेवटी तर नुसते थेंब. मग पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं सारखी कशी मोजणार?

बुडणाऱ्या वाटीने ही अडचण हुशारीने टाळली. समजा सरळ उभ्या कडांचा एक पेला आहे. तो पाण्यात किती खाली बसतो? स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारेपर्यंत. आत पाणी आलं की तो तेवढाच आणखी खाली जातो. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक जवळजवळ तेवढाच राहतो. फरक तेवढाच, म्हणजे दाब तेवढाच, म्हणजे पाणी आत येण्याचा वेगही तेवढाच. सुरुवातीला असेल तोच शेवटी.

घड्याळाची सगळी विद्या इथे आहे: न थकता, न घाई करता, एकसारखं काम करणारं काहीतरी शोधायचं. आता जिथे जिथे घड्याळ दिसेल तिथे विचारायचं, 'यातली वाटी कोणती?'

मोत्याची गोष्ट कुणी सांगितली?

लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. थोर गणिती भास्कराचार्य, त्यांची मुलगी लीलावती. तिच्या लग्नाचा मुहूर्त मोजायला घटिकापात्र ठेवलं होतं. ती वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरचा एक मोती नकळत पात्रात पडला. भोक बुजलं, वाटी बुडलीच नाही, मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाचा गणिताचा ग्रंथ लिहिला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात, त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, असं त्यात लिहिलंय. सन साधारण १२०७. म्हणजे तिकडे दियारबकरला अल-जझरी हत्तीचं पुस्तक संपवत होता, त्याच सुमारास इकडे खानदेशात गणिताची शाळा सुरू होत होती!

पण मोत्याची गोष्ट भास्कराचार्यांच्या संस्कृत ग्रंथात नाहीच. ती सापडते फारसी भाषेत. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून कवी फैजीने १५८७ साली 'लीलावती'चं फारसीत भाषांतर केलं. त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आहे. आपल्या घटिकापात्राची सगळ्यात लाडकी गोष्ट आपल्यापर्यंत फारसीतून आली.

अकबराचे आजोबा बाबर यांनाही हिंदुस्थानातली ही वाटी बघून नवल वाटलं होतं. त्यांनी आपल्या आठवणींत तिचं वर्णन केलंय. शहरात घडियाली लोक असायचे. वाटी बुडाली की ते टांगलेल्या जाड पितळी तबकावर हातोड्याने ठोके द्यायचे. रात्री झोपमोड झालेल्या माणसाला नुसते घटिकांचे ठोके ऐकू यायचे, पण कुठला प्रहर चालू आहे ते कळायचं नाही. बाबरांनी हुकूम सोडला, की घटिकांचे ठोके दिल्यावर थोडं थांबा आणि मग प्रहराचेही ठोके द्या. आहे ना कामाची सुधारणा!

कंपासपेटीतलं गुपित

आता चला पुण्यात, शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ. इथे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी साधारण १९२० पासून गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दौती, दरवाजे, काय विचारू नका! वीस हजारांहून अधिक वस्तू झाल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९६२ साली हा सगळा ठेवा महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

तिथे गेलात की मस्तानी महाल चुकवू नका. तो मूळचा कोथरूडचा. तिथून सोडवून आणलेले भाग इथे पुन्हा जोडून उभे केलेत. खांब बघा आणि खांबांच्या मधली महिरप बघा. पाकळ्या पाकळ्यांची ही कमान आणि सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब मुघल इमारतींतून मराठ्यांच्या वाड्यांत आले. थोड्याच अंतरावरच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातही सुरूचे खांब आहेत. मान वर करून नीट बघा.

'पण घड्याळाचं काय?' असं म्हणताय ना? कंपास काढा.

एक वर्तुळ काढा. कंपास जराही न हलवता, तेवढंच अंतर घेऊन वर्तुळाच्या कडेवर एकामागून एक खुणा करा. बरोबर सहा खुणा होतील आणि सातवी पहिल्यावरच येऊन पडेल. प्रत्येक खुणेवर टोक ठेवून कमानी काढल्या की सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. हेच फूल शेजारी शेजारी काढत गेलात तर जाळीची नक्षी तयार! औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात, विजापूरच्या इमारतींत अशा भूमितीच्या नक्ष्या आहेत. इस्लामी कारागिरांनी फक्त कंपास आणि पट्टी घेऊन यात कमालच केली.

आता त्याच सहा खुणांच्या बरोबर मध्ये एकेक खूण करा. किती झाल्या? बारा. म्हणजे घड्याळाची तबकडी! फूल काढणाऱ्याला आणि घड्याळ करणाऱ्याला एकच युक्ती लागते.

कलावंत आणि वेळ मोजणारा, दोघांचं काम एकाच वस्तूत बघायचं असेल तर ॲस्ट्रोलेब बघा. हे पितळेचं तळहाताएवढं यंत्र म्हणजे घडी घातलेलं आकाशच! वरच्या नक्षीदार जाळीचं प्रत्येक टोक एकेका ताऱ्याची जागा दाखवतं. खालची चकती मात्र गावानुसार बदलावी लागते, कारण पुण्याचं आकाश आणि लाहोरचं आकाश सारखं दिसत नाही. सूर्याची उंची मोजा, जाळी फिरवा, वेळ वाचा. नमाजाच्या पाच वेळा सूर्यावरून ठरतात, त्यामुळे त्या बरोबर काढणाऱ्या जाणकाराला मोठ्या मशिदींत मान होता. त्याला म्हणायचे मुवक्कित. भारतात सुलतान फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी महेंद्र सूरी या जैन पंडिताने १३७० साली या यंत्रावर संस्कृतात 'यंत्रराज' नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे सतराव्या शतकात लाहोरच्या एकाच घराण्याने पिढ्यान् पिढ्या इतके सुंदर ॲस्ट्रोलेब घडवले, की जगातली संग्रहालयं आज ते मिरवतात.

राणीचं घड्याळ चोरीला गेलं!

इस्लामी कला आणि जुनी घड्याळं एकाच छताखाली ठेवणारं एक संग्रहालय जेरुसलेमला आहे: एल. ए. मायर संग्रहालय. ते १९७४ साली उघडलं. व्हेरा ब्राइस सॅलोमन्स या बाईंनी इस्लामी कलेच्या आपल्या प्राध्यापकांच्या आठवणीसाठी ते उभारलं आणि वडिलांनी जमवलेली अफलातून घड्याळंही तिथेच ठेवली.

त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध घड्याळ म्हणजे ब्रेगे क्रमांक १६०. पॅरिसचे घड्याळजी ब्रेगे यांच्याकडे १७८३ साली ऑर्डर आली: फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी घड्याळ करा, जितका लागेल तितका पैसा आणि वेळ घ्या, जिथे जमेल तिथे सोनं वापरा. तेव्हा आपल्याकडे शनिवारवाड्यात नऊ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे होते. काम रखडत राहिलं. १७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीत राणीला मारलं गेलं. १८२३ मध्ये ब्रेगे वारले. घड्याळ पुरं झालं १८२७ साली! तोवर पुण्यातली पेशवाई संपून नऊ वर्षं झाली होती.

१५ एप्रिल १९८३ च्या रात्री चोर संग्रहालयात शिरला आणि १०६ वस्तू घेऊन पसार झाला. राणीचं घड्याळही गेलं. पोलिसांनी जंग जंग पछाडलं, पण पत्ता लागेना. अखेर २००६ साली, चोर मेल्यानंतर, घड्याळं परत मिळायला लागली. १०६ पैकी ९६ वस्तू सापडल्या. राणीचं घड्याळ? तेही सापडलं.

यातली वाटी कोणती? आत एक चिमुकलं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगमुळे मागेपुढे डोलतं. प्रत्येक डोलणं सारख्या वेळाचं. बाकीचे दात, चक्रं, काटे नुसते त्याची डोलणी मोजत राहतात. या घड्याळात तारीख आहे, तापमापक आहे, आणि आणखी एक भन्नाट गोष्ट आहे: सूर्य आपल्या घड्याळाच्या किती मागे किंवा पुढे आहे, तेही ते दाखवतं.

पुण्यात बारा कधी वाजतात?

'दुपारी बाराला,' असं म्हणणार ना? घड्याळात वाजतात. सूर्याचे नाही वाजत!

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ती १९०६ साली सुरू झाली. पुणे आहे साधारण ७३.८५ अंशांवर, म्हणजे ८.६५ अंश पश्चिमेला. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. गुणाकार करा. उत्तर सुमारे ३५ मिनिटं. म्हणून पुण्यात सूर्य सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी सगळ्यात उंच येतो.

सरासरी का म्हटलं? कारण पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट नेमकी गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्य कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यातली ही वेळ १२:१८ च्या आसपास असते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ च्या आसपास. राणीच्या घड्याळातला तो जादाचा काटा हाच फरक दाखवण्यासाठी होता.

पुणेकरांना वर्षातून दोनदा आणखी एक चमत्कार मिळतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैत ढग पक्के असतात, तेव्हा मे महिना पकडा.

बगदादहून पुण्याला

पुणे कॅम्पात लाल विटांचं एक उंच देवालय आहे. ज्यू लोकांचं हे प्रार्थनागृह. नाव ओहेल डेव्हिड, पण पुणेकर म्हणतात लाल देऊळ. सुमारे ९० फुटी मनोऱ्यावर घड्याळ आहे, ते थेट लंडनहून आणलेलं. ही इमारत १८६७ साली पूर्ण झाली. ती बांधवली डेव्हिड ससून यांनी, ज्यांच्या नावाचं ससून रुग्णालय तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची समाधीही याच आवारात आहे.

ससून जन्मले कुठे? बगदादला, १७९२ साली. आणि घड्याळांच्या गोष्टीत बगदादचं नाव फार जुनं आहे. ८०७ साली तिथल्या खलिफा हारून अल-रशीदने युरोपच्या शार्लमेन बादशहाला पितळेचं जलघड्याळ भेट पाठवलं. तास झाला की गोळ्या झांजेवर टणटण पडायच्या आणि खिडक्यांतून घोडेस्वार बाहेर यायचे. युरोपातले लोक थक्क झाले. नंतर हजार वर्षांनी चित्र उलटं झालं. युरोपात घडलेलं घड्याळ एका बगदादकराच्या देवालयासाठी पुण्यात आलं.

अशा मनोऱ्यांवरच्या जुन्या घड्याळांतली वाटी म्हणजे लंबक. डचांच्या देशातल्या हायगेन्स यांनी १६५६ साली पहिलं लंबकाचं घड्याळ केलं. मीटरभर दोरीला दगड बांधून हलकेच झुलवा. इकडून तिकडे जायला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो. दगड जड घ्या की हलका, फरक पडत नाही. दोरीची लांबी तेवढी महत्त्वाची.

आणि तुमच्या मनगटावरच्या घड्याळातली वाटी? क्वार्ट्झचा इवलासा तुकडा, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा विचित्र आकडा का, ते शेवटी दुसऱ्या कोड्यात बघा.

याहून मोठी वाटी बघायची असेल तर नारायणगावजवळ खोडदला चला. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर रुंद, पल्सार नावाच्या ताऱ्यांकडे कान लावून बसतात. पल्सार गरागरा फिरतात आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पाठवतात. तो इतका एकसारखा असतो, की शास्त्रज्ञ या ताऱ्यांना घड्याळ म्हणूनच वापरतात.

करून पाहा: घरचं घटिकापात्र

साहित्य: ॲल्युमिनियम फॉइलची खोलगट वाटी, टाचणी, बादलीभर पाणी, एक नाणं.

१. मोठ्या माणसाला सोबत घेऊन वाटीच्या तळाला टाचणीने एक भोक पाडा.
२. वाटी कलू नये म्हणून तळाशी नाणं ठेवा, पण भोक झाकू नका. लीलावतीचा मोती आठवतोय ना?
३. वाटी अलगद पाण्यावर सोडा आणि घड्याळ लावा.
४. बुडायला किती वेळ लागला ते लिहा. पुन्हा पुन्हा करा. दर वेळी साधारण तेवढाच वेळ येतो का?
५. आता दोन नाणी ठेवा. वाटी लवकर बुडेल. का, ते वर सांगितलंच आहे.

प्लास्टिकची वाटी घेऊन फसू नका. बरंचसं प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं, वाटी भरली तरी तरंगत बसेल आणि तुमचा मुहूर्त कधीच यायचा नाही!

डोकं चालवा

१. शाळा पाच तासांची असेल तर किती घटिकांची?
२. ३२,७६८ ला २ ने भागा. आलेल्या उत्तराला पुन्हा २ ने. असं करत १ येईपर्यंत किती वेळा भागावं लागतं?
३. दुपारी सूर्य सगळ्यात उंच आला तेव्हा मोबाइलवर १२:३५ वाजले होते, आणि सूर्य त्या दिवशी ना पुढे होता ना मागे. तुम्ही कोणत्या शहरात असू शकाल?

उत्तरं: १. साडेबारा. २. बरोबर पंधरा वेळा. घड्याळातलं छोटं सर्किटही तेच करतं, अर्धं अर्धं करत सेकंदाला एक ठोका मिळवतं. ३. पुण्यात! पण घाई नको. पुण्याच्या सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला, त्याच रेखांशावर असलेलं भारतातलं कुठलंही गाव चालेल. नकाशा उघडा आणि अशी निदान तीन गावं शोधून काढा.